करंट चालू असताना

मी भर रस्त्यात उभी होते आणि एका अनोळखी माणसानं माझा दंड घट्ट धरला होता. समोर हातभर अंतरावर बस थांबलेली. ड्रायव्हर खिडकीतून वाकून ओरडत होता, "ओ बाई, जीव द्यायचाय काय?" माझ्या उजव्या हातात खडू होता. थोड्या वेळापूर्वी मी नववीच्या वर्गात समास शिकवत होते. त्यानंतरचं मला काहीच आठवत नव्हतं. मी बोलता बोलता थांबले, वर्गाबाहेर पडले, दोन जिने उतरले, फाटक ओलांडलं, हे मला मागाहून मुलींनी सांगितलं. त्यांना वाटलं, बाईंना कुणाचा तरी फोन आला असेल.

मला तेराव्या वर्षापासून फिट येते. हातपाय झाडून पडण्याची नव्हे. पोटातून काहीतरी वर चढत येतं, मग मिनिटभर मी जागी असूनही जागी नसते. ओठ चाटते, पदराचं टोक चिवडते आणि पुन्हा भानावर येते. लग्न ठरताना हे सासरी सांगितलं होतं. शाळेत मात्र बावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. तिथं माझी ख्याती विसरभोळ्या बाई अशी होती आणि मी ती आनंदानं चालवून घेतली होती. पण तोवर फिटमध्ये मी कधी चालू लागले नव्हते. त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत मला खरं काय ते सांगावं लागलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळेला कळलं होतं.

नवरा मला ज्यांच्याकडं घेऊन गेला त्या डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या असतील. भरभर बोलणाऱ्या, पण प्रश्न विचारला की थांबून नीट उत्तर देणाऱ्या. चार वेगवेगळी औषधं झाली, आता पाचव्यानं फारसा फरक पडेल असं वाटत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मेंदूतली जी जागा फिट सुरू करते ती सापडली, तर तेवढी काढून टाकता येईल. पण आधी तिथं आत तारा घालून बघावं लागेल.

"आत म्हणजे?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"कवटीला बारीक भोकं पाडून मेंदूत. सुईसारख्या तारा असतात. आठ-दहा दिवस त्या तशाच राहतील. फिट कुठून निघते ते त्यांच्यातून कळेल. मग त्याच तारांतून थोडा थोडा करंट देऊन बघायचं, की त्या जागेकडं दुसरं काही काम आहे का. हात हलवायचं, बोलायचं. काम असेल तर ती जागा कापता येत नाही."

नवऱ्याचं उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जन्म तारा गुंडाळण्यात गेला. तो खुर्चीत पुढं सरकला.

"किती अँपिअर?"

"एक-दोन मिलिअँपिअर. फार तर चार-पाच."

"एवढ्यात तर बल्बची तारसुद्धा तांबडी हुईत न्हाय," तो म्हणाला आणि माझ्याकडं बघत राहिला. घरी जाताना स्कूटरवर तो एकदाच बोलला, "आन् ही जागी असताना देणार व्हय करंट?"

जागी असतानाच देणार होते. त्याशिवाय कळणार कसं?

तारा घालताना मला भूल दिली होती. शुद्धीवर आले तेव्हा डोकं पांढऱ्या बँडेजात होतं आणि मागून तारांची जाड वेणी निघून भिंतीजवळच्या यंत्रात गेली होती. दुखत नव्हतं, म्हणजे कातडी ठणकत होती, पण आत काहीच कळत नव्हतं. मेंदूला स्वतःला दुखत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा मला ते खरं वाटेना. एवढ्या वर्षांत ज्याच्यामुळं सगळं दुखलं, त्यालाच दुखत नाही?

औषधं कमी केली. तीन दिवसांत दोन फिट आल्या, यंत्रानं दोन्ही टिपल्या. पाचव्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर डॉक्टरीणबाई, एक तंत्रज्ञ आणि एक लॅपटॉप असे माझ्या पलंगाजवळ येऊन बसले. नवऱ्याला कोपऱ्यात स्टूल दिलं. हात कशालाही लावायचा नाही, अशी ताकीदही दिली, कारण तो आल्यापासून त्या यंत्राच्या मागच्या बाजूला वाकून बघत होता.

"करंट कधी दिला, कधी नाही, हे आम्ही सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही वेगळं वाटलं तर तुम्ही सांगायचं."

पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. मला जरा कंटाळाच आला. मग माझ्या उजव्या हाताचा अंगठा आत वळला.

मी तो वळवला नव्हता. चादरीवर पडलेला माझा हात, लग्नातली अंगठी घातलेला, नख तुटलेला, आणि त्याचा अंगठा माझ्या डोळ्यांदेखत सावकाश तळव्याकडं गेला. मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. तो थांबला नाही. मग सुटला आणि परत माझा झाला.

"आता काय झालं?"

"तुम्ही केलंत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिरका लागला. "मी नाही केलं. तुम्ही केलंत ते."

"हो," त्या म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. कोपऱ्यात नवरा उभा राहिला होता. त्याचा चेहरा उतरला होता. आयुष्यभर करंटनं मोटारी फिरवणारा माणूस, पण त्याला बसा म्हणून दोनदा सांगावं लागलं.

नंतर मला एकपासून आकडे मोजायला सांगितले. मी मोजत गेले. सतरा, अठरा, आणि पुढं काही नाही. एकोणीस हा आकडा मला माहीत होता. तोंडही उघडं होतं. पण तो येईना, आणि मला तो आणायचा कसा हेच कळेना. पाच सेकंद. मग एकोणीस, वीस, एकवीस. मी थांबून रडले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, रोज पाच तास बोलून पोट भरणारी, आकड्यांवर रडत होते. डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला आणि आज इथंच थांबूया का, असं विचारलं. मी नको म्हणाले. मला भीती वाटत होती, पण आता आत आणखी काय आहे ते बघायचंही होतं.

मग चित्रं आली. पडद्यावर चित्र दिसलं की "हे आहे" म्हणून नाव सांगायचं. हे आहे छत्री. हे आहे कुलूप. हे आहे बैल. मला पहिलीच्या वर्गात बसल्यासारखं वाटत होतं. पुढचं चित्र केरसुणीचं होतं.

"हे आहे..."

केरसुणी मला दिसत होती. ती कशाला वापरतात, कोपऱ्यात कशी उभी करतात, तिला पाय लावायचा नसतो, सगळं माहीत होतं. नाव मात्र नव्हतं. जिथं ते असायचं तिथं मी चाचपडत होते आणि माझ्या तोंडून निघालं, "कसबरगी."



"काय म्हणालात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मलाही क्षणभर कळलं नाही मी काय म्हणाले ते. मग कळलं. चाळीस वर्षांत मी तो शब्द उच्चारला नव्हता.

"कन्नड आहे ते," मी म्हणाले. "केरसुणीला कन्नडमध्ये कसबरगी म्हणतात."

"तुम्हाला कन्नड येतं?"

"नाही," मी म्हणाले. आणि लगेच, "म्हणजे, येत होतं."

नवरा स्टुलावरून माझ्याकडं बघत होता. तेवीस वर्षांचा संसार. माझी आई सीमेपलीकडची आहे, तिच्या मराठीला कानडी हेल आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण मी लहानपणी तीच भाषा बोलायची हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं बहुतेक. त्याला विचारायचं सुचलं नाही आणि मला ते बरंच वाटलं.

माझे वडील नेसरीकडचे, मराठी. आई लग्न होऊन तिकडं आली तेव्हा तिला मराठीतलं अक्षर येत नव्हतं. ती आम्हा मुलांशी कन्नडच बोलायची आणि आम्ही तिला अव्वा म्हणायचो. मी नऊ वर्षांची असताना वडिलांच्या नोकरीमुळं आम्ही कोल्हापुरात आलो. नव्या शाळेत मी एकदा चुकून मैत्रिणीसमोर घरची भाषा बोलले आणि पुढं वर्षभर वर्गातल्या मुली मला "यंडुगुंडु" म्हणून हाका मारत होत्या. एक दिवस आई डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी आली आणि माझ्याशी नेहमीसारखी बोलू लागली. मी तिला म्हणाले, "इथं येऊन तसलं बोलू नकोस." ती परत शाळेत आली नाही. घरी ती कन्नडमध्येच बोलत राहिली आणि मी मराठीत उत्तर देत राहिले. अव्वाची आई झाली. पुढं मी मराठीची शिक्षिका झाले आणि माझं मराठी शुद्ध आहे असं लोक म्हणू लागले तेव्हा मला मनातून फार बरं वाटायचं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र उजळला होता. त्यांनी तीच जागा पुन्हा तपासली. मध्येच करंट न देताही बघितलं. करंट नसताना मी केरसुणी, मांजर, शिडी सगळं घडाघडा सांगत होते. करंट असला की मराठी नाव अडत होतं.

"दोन भाषांच्या जागा मेंदूत थोड्या वेगळ्या असू शकतात," त्या म्हणाल्या. "इथं मराठी अडतंय. कन्नड अडतंय का, हे मला नीट बघायला हवं. पण मला कन्नड येत नाही. तुमचं उत्तर बरोबर की चूक हे सांगणारं कुणी आहे का?"

मी खिडकीकडं बघितलं. नवराच म्हणाला, "सासूबाई हाईत की गावाकडं."

आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं माझ्या भावासोबत आली. वय सत्तरच्या पुढं, पण पाठ ताठ. ऑपरेशन आहे एवढंच तिला सांगितलं होतं, तारांचं कुणी बोललं नव्हतं. ती दारात आली, माझं बँडेज बघितलं, वेणी बघितली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

"केसं कुठं गेली हिची?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"येत्यात परत, आई. बसा तुम्ही."

ती माझ्याजवळ बसली आणि त्या तारांकडं बघत राहिली. हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं समजावलं. चित्र दाखवायचं, "इदु एनु?" म्हणजे "हे काय?" असं तिनं कन्नडमध्ये विचारायचं आणि मी सांगितलेलं बरोबर असलं तर मान हलवायची. बाकी काही बोलायचं नाही. आईनं मान हलवली. शाळेचं तोंड न पाहिलेली माझी आई परीक्षक म्हणून बसली आणि मी विद्यार्थिनी.

"इदु एनु?" आईनं विचारलं.

मांजर होतं. "बेक्कु," मी म्हणाले. आईनं मान हलवली.

"इदु एनु?"

"नायी." कुत्रा.

"इदु एनु?"

"हक्की." पक्षी.

डॉक्टरीणबाईंनी बोटानं तंत्रज्ञाला खूण केली. तीच जागा, तोच करंट. मी आईच्या तोंडाकडं बघत होते. पुढचं चित्र पडद्यावर आलं. आईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तिनं विचारलं, "ऊटा माडिद्या?"

जेवलीस का? रोज शाळेतून आल्यावर ती हेच विचारायची.

"इन्नू इल्ल, अव्वा," माझ्या तोंडून निघालं. अजून नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याकडं आणि यंत्राकडं आळीपाळीनं बघत होत्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, की तो प्रश्न आणि ते उत्तर, दोन्ही करंट चालू असताना झाले. त्याच क्षणी मला मराठीत मांजर म्हणता आलं नसतं. त्या वेळी मला एवढंच कळलं, की मी आईला अव्वा म्हणाले होते आणि आईनं ते ऐकलं होतं.

आई डॉक्टरीणबाईंकडं वळली. "ही उपाशी हाय म्हणती, डॉक्टरबाई," ती जरा रागानंच म्हणाली. "हिला खायला का दिलं न्हाय अजून?"

तंत्रज्ञ हसू लागला. मी हसले नाही. मी तिच्याकडं बघत होते. माझ्या मेंदूत हात घालून कुणीतरी माझी मराठी बाजूला सारली होती आणि तिच्या खाली ही बाई जशीच्या तशी बसलेली होती.

तारा काढल्यावर चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी मला, नवऱ्याला आणि आईला बोलावलं. कागदावर मेंदूचं चित्र काढलं. फिट जिथून निघते ती जागा इथं, आणि मराठी नावं जिथं अडतात ती तिला अगदी खेटून. सगळं काढलं तर फिट थांबण्याची शक्यता जास्त, पण मराठी शब्द सापडायला त्रास होईल, कदाचित कायमचा. थोडं कमी काढलं तर भाषा बहुतेक वाचेल, पण फिट पूर्ण जाईल याची खात्री नाही.

"आणि कन्नडची जागा?" मी विचारलं.

"ती तुमच्या तारांच्या वाटेवर नव्हती. कुठं आहे ते मलाही माहीत नाही."

दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून आम्ही भांडलो. नवरा म्हणाला, "समदं काढू दे. शब्द काय, शिकशील परत. बसखाली गेलीस तर काय करू मी?" त्याचं चूक नव्हतं. पण मी त्याच्यावर ओरडले, की मी वर्गात उभी राहून काय करू मग, खुणा करू? आमच्या भांडणात आई मध्येच म्हणाली, "मराठी गेली तर गेली. माझ्यासंगं तरी बोलंल."

 ती थट्टा करत असेल असं वाटून मी तिच्याकडं पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

मी कमी काढायचं ठरवलं. नवऱ्यानं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच सहीचा कागद आणून दिला.

ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे फार वाईट गेले. जागा वाचवली होती, पण सूज होती. खिडकी, चमचा, टॉवेल, असले साधे शब्द सापडेनात. "ते दे, पुसायचं ते." नवरा मला धीर द्यायचा आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहायचा, हे मला आवाजावरून कळायचं. आई महिनाभर आमच्याकडं राहिली. चमचा मराठीत आला नाही की मी तिला कन्नडमध्ये मागायची. माझं कन्नड नऊ वर्षांच्या मुलीचं होतं. मोठ्या माणसाला लागणारे शब्द त्यात नव्हतेच. आई सुधारून द्यायची, मी म्हणायची, ती पुन्हा सुधारायची. नवरा दारात उभा राहून ऐकायचा. एकदा म्हणाला, "मला बी शिकवा की दोन शब्द. माझी चहाडी करता काय ते तरी कळंल."

हळूहळू मराठी परत आलं. सगळं नाही. अजूनही एखाद्या झाडाचं, एखाद्या दागिन्याचं नाव मध्येच निसटतं आणि मी फळ्याकडं तोंड करून थांबते. दीड वर्षात पोटातून वर चढण्याची ती लाट तीनदा आली. तिन्ही वेळा मी जागची हलले नाही. औषध चालू आहे. शाळेनं मला तळमजल्यावरचे वर्ग दिले आणि पहिल्याच दिवशी मी मुलींना सगळं सांगून टाकलं. माझं थांबणं म्हणजे काय, तेव्हा काय करायचं, आणि काय करायचं नाही. एकीनं विचारलं, "बाई, करंट दिला तेव्हा दुखलं?" मी नाही म्हणाले, आणि त्यांना ते पटलं नाही.

आई गावी परतली आहे. रोज सकाळी फोन करते. मध्यंतरी एकदा मी धीर करून तिला विचारलं, की मी एवढी वर्षं तुला मराठीतच उत्तर देत होते, तू कधी रागावली कशी नाहीस? एकदाही नाही?

 तिनं कन्नडमध्ये जे सांगितलं त्याचा अर्थ असा होता, की आधी वाटलं, लहान आहे, बोलेल पुढं; मग तुला फिट येऊ लागली. भांडलं, डोकं तापलं, की फिट येईल असं मला वाटायचं. म्हणून गप्प बसले.

माझ्या हातात फोन तसाच राहिला. तेराव्या वर्षापासून सत्तेचाळीसपर्यंत. मी तिचं गप्प राहणं म्हणजे तिला कळत नाही असं समजत होते, कधी तिला चालतं असं समजत होते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ऐकतीयस न्हवं?" तिनं विचारलं, या वेळी मराठीत.

"हूं," मी म्हणाले.  शेजारच्या बाई दळण द्यायला आल्यात, मग करते, असं म्हणून तिनं फोन ठेवला.